जुनी बेस गिटार: तपासणी, सफाई, सेटअप आणि साठवण

चांगल्या अवस्थेत टिकलेली जुनी बेस गिटार बहुतेकदा नव्या मालकाच्या उत्साहापायी बिघडते. हाती आल्या आल्या पॉलिश मारलं जातं, गंजलेले स्क्रू फेकून चकचकीत नवे लावले जातात, खरखरणारा पॉट (आवाजाच्या नॉबखालचा विजेचा भाग) कापून काढला जातो. अशा प्रत्येक कामात एक मूळ भाग कायमचा जातो, आणि जुन्या वाद्याची किंमत या मूळ भागांवरच ठरते. म्हणून या लेखातली सगळी कामं एका नियमात बसवली आहेत: जे पुन्हा पूर्ववत करता येईल तेवढंच करायचं, आणि आधी तपासल्याशिवाय काही उघडायचं नाही.

उदाहरणं मुख्यतः फेंडरच्या प्रिसिजन बेसची (१९५१ पासून) आणि जॅझ बेसची (१९६० पासून) आहेत, कारण जुन्या बेसमध्ये हेच जास्त हाती येतात. गिब्सन आणि रिकनबॅकरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी

आधी केस नीट रिकामी करा. कप्प्यात आणि अस्तराच्या फटीत हात घालून बघा. ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) आणि पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) यांच्यावरचं क्रोमचं झाकण वादक सहसा लवकरच काढून टाकायचे, त्यामुळे ती झाकणं, त्यांचे स्क्रू, मूळ पट्टा किंवा खरेदीची पावती तिथेच पडलेली सापडते. या सुट्या वस्तूंना वेगळी किंमत आहे. जुन्या तारासुद्धा उतरवल्यावर गुंडाळून पाकिटात ठेवा.

मग फोटो काढा: पुढून, मागून, हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) दोन्ही बाजू, नेक (लांब मान) आणि बॉडीचा जोड, ब्रिजचं प्रत्येक सॅडल (ज्यावर तार टेकते तो छोटा भाग) जवळून. सॅडल कुठे होती हे नंतर आठवत नाही, आणि जुन्या मालकाने इंटोनेशन (तार कुठेही दाबली तरी सूर नेमका लागणं) नीट लावलेलं असेल तर ती जागा उपयोगी पडते.

हत्यारं फार लागत नाहीत. टोक न झिजलेले एक आणि दोन नंबरचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, इंची मापाच्या ॲलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्या), कॅपो (तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा), सूर दाखवणारा ट्यूनर, मल्टिमीटर, मऊ ब्रश, सुती कापड. ॲलन की इंचीच घ्या. मिलिमीटरची की अमेरिकन सॅडलच्या स्क्रूत बसल्यासारखी वाटते, पण जोर लावला की आतली षटकोनी खाच गोल होते आणि मग तो स्क्रू बाहेर येत नाही.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून फिनिश बघा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर या उजेडात पिवळसर-हिरवट चमकतं. नंतर केलेली डागडुजी वेगळ्या रंगाची, बहुधा गडद दिसते. हेडस्टॉक, नेकच्या जोडाची कड आणि बॉडीच्या बाजू या तीन जागा आधी बघा. गिब्सनच्या जुन्या बेसमध्ये नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे हेडस्टॉक मोडून पुन्हा चिकटवलेला असणं अगदी नेहमीचं, आणि चांगला जोड साध्या डोळ्यांना दिसतही नाही. लॅकरवरच्या बारीक तडा मात्र दोष नाहीत. थंडी-उन्हात लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या मापाने आकसतात, त्यातून त्या येतात. त्या बुजवायच्या नाहीत.

भरलेली भोकंही शोधा. फेंडरची बोटं टेकवायची पट्टी १९७४ च्या सुमारापर्यंत बारीक तारेच्या बाजूला असायची, नंतर ती जाड तारेच्या, म्हणजे वरच्या, बाजूला आली. १९६० च्या दशकातल्या बेसवर ती वरच्या बाजूला असेल तर कुणीतरी हलवली आहे असं समजा.

न उघडता पिकअप तपासणं

जॅकमध्ये गिटारची केबल लावा, तिचं दुसरं टोक मोकळं ठेवा, आणि सगळे व्हॉल्यूम पूर्ण उघडून प्लगच्या टोकाला आणि दांड्याला मल्टिमीटरच्या सुया टेकवा. प्रिसिजनवर साधारण १० ते ११ किलोओम येतात. जॅझवर दोन्ही व्हॉल्यूम उघडे असताना दोन पिकअप समांतर जोडले जातात, म्हणून साडेतीन ते चार किलोओम. एक व्हॉल्यूम बंद केला की उघड्या पिकअपचे ७ ते ८ किलोओम. थोडं इकडेतिकडे असेल तर घाबरू नका, जुन्या कॉइल्स (पिकअपमधल्या तारेच्या गुंडाळ्या) सारख्या मापाच्या नसायच्या आणि तापमानानेही आकडा हलतो.

कॉइल तुटलेली असेल तर मीटर अनंत दाखवत नाही, आणि इथे बरेच जण फसतात. प्रिसिजनवर अशा वेळी साधारण २५० किलोओम दिसतात, कारण मीटर तेव्हा व्हॉल्यूम पॉट मोजत असतो. तीन नॉबच्या जॅझवर चांगला पिकअप बंद करून तुटलेला मोजला तर दोन पॉट समांतर येऊन सुमारे १२५ दिसतात. केबल हलवली की आकडा उड्या मारत असेल तर आधी जॅकच्या पत्र्यावर संशय घ्या.

मापं ठीक असतील आणि आवाज स्वच्छ असेल तर पिकगार्ड (बॉडीच्या पुढच्या बाजूचा प्लास्टिकचा पत्रा) उघडायचं काही कारण नाही. कधीच न उघडलेलं सोल्डर हे स्वतःच मोठं प्रमाणपत्र असतं.

पिकगार्ड उघडायचंच असेल तर

१९५९ ते १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे कासवाच्या पाठीसारखे दिसणारे पिकगार्ड सेल्युलोज नायट्रेटचे आहेत. हे प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसत राहतं. लाकूड तसंच राहतं, त्यामुळे स्क्रूची भोकं आतल्या बाजूला ओढली जातात, स्क्रू तिरके दिसू लागतात आणि कोपऱ्याला चीर जाते. असा गार्ड काढताना एक स्क्रू पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर सगळा ताण उरलेल्या स्क्रूंवर येतो आणि गार्ड तिथे फुटतो. आधी सगळे स्क्रू अर्धा-अर्धा वळसा सैल करा, मग पुन्हा एक फेरी, मग काढा.

जाड पुठ्ठ्यावर गार्डची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. प्रत्येक स्क्रू वेगळा गंजलेला असतो, आणि अदलाबदल झाली की जाणकार माणूस लगेच ओळखतो.

परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. एका जागी हलकासा ‘टक’ जाणवतो. स्क्रू तेव्हा जुन्या आट्यांच्या तोंडाशी आलेला असतो. तिथून सुलटा फिरवला की तो बोटाच्या जोराने जातो. ‘टक’ न ऐकता सरळ दाबून फिरवला तर लाकडात नवे आटे पडतात, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक बाद. भोकं जुळतच नसतील तर गार्ड ताणू नका. तो स्क्रू न लावता पाकिटात घालून केसमध्ये ठेवा.

सेल्युलोज नायट्रेट भडकन पेटतं. सोल्डरिंग आयर्न त्याच्या जवळ आणायचं नाही, गार्ड बाजूला ठेवूनच काम करायचं. जुना होताना त्यातून निघणारा वायू धातू खातो. पॉटची कवचं आणि स्क्रू हिरवे पडले असतील आणि केस उघडताच आंबूस वास येत असेल तर गार्ड विघटित होतोय. चिकट किंवा भुसभुशीत झालेला गार्ड काढून हवेशीर जागी वेगळा ठेवा आणि त्याच्या जागी नव्या प्लास्टिकचा, त्याच भोकांना जुळणारा गार्ड लावा.

तारखा वाचणं

आत गेलातच तर पॉटच्या पाठीवरचा आकडा टिपून घ्या. ३०४६६१५ असा आकडा असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही उत्पादक कंपनी, ६६ म्हणजे १९६६, १५ म्हणजे त्या वर्षाचा पंधरावा आठवडा. १३७ म्हणजे सीटीएस. आकड्यावरून एवढंच कळतं की बेस त्या तारखेच्या आधीचा नाही. फेंडरकडे १९६६ च्या पॉटचा मोठा साठा होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला गेला, म्हणून १९६८ च्या बेसमध्ये १९६६ चे पॉट दिसणं साहजिक आहे.

नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, सुरुवातीला पेन्सिलने आणि १९६२ पासून शिक्क्याने तारीख असते. मागच्या पत्र्यावरच्या सिरीयल नंबरवरून एकट्याने वर्ष ठरवू नका. पत्रे डब्यातून हाताला येतील तसे लागायचे आणि वेगवेगळ्या वर्षांचे नंबर एकमेकांत मिसळतात. रचनेच्या खुणा जास्त भरवशाच्या: जॅझवर एकाच दांड्यावरचे दुहेरी नॉब १९६२ च्या सुरुवातीपर्यंत, फ्रेटबोर्डची (तारा ज्यावर दाबतात त्या भागाची) सपाट तळाची जाड रोझवुडची पट्टी १९६२ च्या मध्यापर्यंत, फ्रेटबोर्डवरचे मातकट ठिपके १९६४ च्या अखेरपर्यंत, त्यानंतर मोतिया. नेक, बॉडी, पॉट आणि या खुणा एकमेकांना धरून असतील तर वाद्य एकसंध आहे. केवळ तारीख बघायला नेक उतरवू नका. ट्रस रॉडसाठी (नेकचा बाक जुळवणाऱ्या, त्याच्या आतल्या सळईसाठी) तो उतरवायची वेळ येईल तेव्हा बघा.

सफाई

कोरड्या मऊ ब्रशने धूळ, मग किंचित ओलसर सुती कापड, लगेच कोरडं कापड. बहुतेक वाद्यांना एवढं पुरतं. हाताच्या तेलाचा जुना थर निघत नसेल तर नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते, कापडाला लावून हलक्या हाताने. आधी पिकगार्डखालच्या जागेवर करून बघा. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही. अल्कोहोल आणि ॲसिटोन नायट्रो लॅकर विरघळवतात, तेव्हा सॅनिटायझर लावलेला हातसुद्धा बॉडीवर नको. सिलिकॉनचं पॉलिश तडांमधून लाकडात मुरतं आणि पुढे लॅकरची कुठलीही दुरुस्ती त्यावर धरत नाही.

रोझवुडच्या फ्रेटबोर्डवरचा मळ जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडा, नंतर खनिज तेलाचा एखादाच थेंब कापडावरून फिरवा. लॅकर असलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डवर तेल घालायचं नाही. क्रोमवरचा गंज घासून काढू नका. क्रोमखाली निकेलचा थर असतो, तो एकदा उघडा पडला की गंज जास्त वेगाने पसरतो.

तारा आणि नेक

सेटअप ठरलेल्या क्रमाने होतो: तारा, नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन, शेवटी पिकअपची उंची. मधला टप्पा सोडला की पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

वर्षानुवर्षं सैल पडलेल्या नेकवर एकदम पूर्ण ताण देऊ नका. ४५ ते १०५ चा (०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या तारांचा) संच लावा, पहिल्या दिवशी दोन स्वर खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणा आणि एक दिवस जाऊ द्या. फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा त्याच जाडीच्या राउंडवाउंडपेक्षा (गोल गुंडाळीच्या तारांपेक्षा) सहसा जास्त ताणाच्या असतात. पण त्या फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजवतात, आणि मूळ फ्रेट वाचवायचे असतील तर त्याच लावाव्यात. हेडस्टॉकवरच्या जुन्या ट्यूनरच्या (तार आवळायच्या यंत्राच्या) खुंटीला मधोमध भोक असतं. तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर ठेवून आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली की वरची गुंडाळी सुटते आणि ती तार मेल्यासारखी वाजते. टोक भोकात घालून वरून खाली दोन-तीन वेढे.

आता बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली फीलर गेज सरकवा. ७.२५ इंच गोलाईच्या जुन्या फ्रेटबोर्डला ०.३५ मिमीच्या आसपास हवं. ०.२ पेक्षा कमी असेल तर खालचे फ्रेट खरखरतात, ०.६ च्या वर गेलं की मधल्या भागात तार बोटाला जड लागते.

जुन्या फेंडरमध्ये ट्रस रॉडचा नट नेकच्या टाचेत असतो, त्यामुळे प्रत्येक बदलासाठी नेक काढावा लागतो.

१. तारा पूर्ण सैल करा, पण ट्यूनरवरून काढू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो असू द्या म्हणजे वेढे सुटत नाहीत.

२. बेस पालथा घालून मागचे चारही स्क्रू आळीपाळीने सैल करा, मग काढा. कुठला कुठल्या भोकातला, ते पुठ्ठ्यावर टोचा. स्क्रू लॅकरने धरला असेल तर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा. ही युक्ती फक्त या धातूच्या पत्र्यासाठी; पिकगार्डपाशी नाही.

३. नेक सरळ वर उचला. अडकला तर बोटाच्या जोराने किंचित हलवत सोडवा. खाली काही खुपसून उचकटलं तर जोडाच्या कडेचं लॅकर टवका उडून जातं.

४. खाचेत कागदाचा, पुठ्ठ्याचा तुकडा दिसला तर तो कारखान्यातला असू शकतो. त्याचा जागेवरच फोटो घ्या आणि परत तिथेच ठेवा.

५. ट्रस रॉडच्या नटच्या खाचा ब्रशने साफ करा, खाच पूर्ण भरेल असा स्क्रूड्रायव्हर लावा आणि एका वेळी फार तर पाव वळसा फिरवा. उजवीकडे फिरवलं की बाक कमी होतो.

६. नेक बसवा, स्क्रू ‘टक’ शोधून लावा, तारा सुरात आणा, तासाभराने पुन्हा मोजा.

नट हलतच नसेल, किंवा फिरवताना अचानक जड होत जाईल, तर थांबा. जुना रॉड तुटला तर दुरुस्तीसाठी नेक फोडावा लागतो. अशा वेळी जाणकार कारागीर नेक आधाराने हवा तेवढा वाकवून ताण घालवतो आणि मगच नट फिरवतो. रिकनबॅकर ४००१ च्या जुन्या दुहेरी रॉडना तर नेहमीच असं करावं लागतं: नेक हाताने हव्या स्थितीत धरायचा आणि नट फक्त टेकेपर्यंत आवळायचे. नटच्या जोराने नेक सरळ करायला गेलात तर फ्रेटबोर्ड उचकटतो.

बाक बरोबर असूनही बाराव्या फ्रेटनंतर खरखर येत असेल तर नेकचं टाचेकडचं टोक वर उचललेलं असतं. ट्रस रॉड तिथे काही करू शकत नाही. थोडी उंची वाढवून भागत असेल तर तसं वाजवा. फ्रेट घासणं किंवा बदलणं हा अगदी शेवटचा मार्ग, कारण मूळ फ्रेट एकदा गेले की गेले.

उंची, इंटोनेशन, पिकअप

सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड तारेला २.८ मिमी आणि बारीक तारेला २.४ मिमी, इथून सुरुवात करा आणि आपल्या हाताप्रमाणे खाली आणा. सॅडलचे स्क्रू गंजून बसले असतील तर ब्रिज उतरवून, बॉडीपासून लांब, आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाका आणि एक रात्र थांबा. सॅडल तळाला टेकूनही तारा उंच राहत असतील तर नेकच्या खाचेत, आतल्या टोकाला, कार्डाच्या जाडीची पट्टी घालतात. सॅडल किंवा खाच तासायची नाही.

इंटोनेशनमध्ये नवीन काही नाही: बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं स्पर्शून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

पिकअपसाठी तारा शेवटच्या फ्रेटवर दाबा. जाड बाजूला साधारण ३.२ मिमी, बारीक बाजूला २.४ मिमी अंतर ठेवा. जवळ आणले तर लोहचुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेवर वरच्या फ्रेटमध्ये एकाच वेळी दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. पिकअप वर येत नसेल तर खालचा फोम मेलेला असतो. नवा तुकडा घाला, जुना पाकिटात जपा.

चुंबकाच्या दांड्या मात्र कधीही दाबू नका. फेंडरच्या जुन्या पिकअपमध्ये तांब्याची केसाएवढी तार थेट या दांड्यांवर गुंडाळलेली आहे, मध्ये फक्त लॅकरचा थर. दांडी जरा सरकली की आतला वेढा तुटतो.

खरखर आणि गुणगुण

पॉट खरखरत असेल तर बदलायची घाई नको. पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. नाहीच थांबलं तर एकदा पुन्हा. घरातलं गंज सोडवणारं तेल इथे चालत नाही. ते आत राहून धूळ धरतं. जॅकच्या पत्र्याचं टोक किंचित आत वाकवलं आणि संपर्काची जागा क्लीनर लावलेल्या कापूसकाडीने पुसली की बहुतेक तुटक आवाज थांबतात.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग शाबूत आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची वायर किंवा पितळी पट्टी बघा. ती ब्रिजला नुसती टेकून असते आणि गंजाने संपर्क सुटतो. ब्रिज सैल करून ती जागा बारीक घासली की काम होतं, सोल्डरला हात लावावा लागत नाही. जॅझवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की गुणगुण जवळपास जाते, कारण दोन पिकअप एकमेकांची गुणगुण रद्द करतात. एकटा पिकअप वाजवताना ती येणारच. ती घालवायला आत तांब्याचा पत्रा किंवा शील्डिंगचा रंग लावू नका.

एखादा भाग खरंच मेला असेल तर वायर न कापता सोल्डर वितळवून सोडवा, आणि काढलेला पॉट किंवा कपॅसिटर नावाची चिठ्ठी लावून केसमध्ये ठेवा.

ठेवताना आणि नेताना

४५ ते ५५ टक्के आर्द्रता, २० ते २४ अंश तापमान. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. आठवड्यातून एकदा केस उघडा, निदान सेल्युलोजच्या गार्डचा वायू निघून जाण्यासाठी. तारा सुरातच ठेवा. नेकचा बाक त्या ताणाशी जुळवलेला असतो. रबर किंवा फोमच्या स्टँडवर नायट्रो फिनिशची गिटार ठेवू नका, प्लास्टिकचा पट्टा बॉडीला टेकून केसमध्ये बंद करू नका. दोन्ही लॅकरला चिकटतात आणि काढताना रंग घेऊन येतात. मध्ये धुतलेलं सुती कापड घातलं तरी पुरतं.

सीमेपार विकायचा किंवा न्यायचा असेल तर फ्रेटबोर्डचं लाकूड आधी नक्की करा. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सूट इतर रोझवुडसाठी होती, ब्राझिलियनला ती लागू नाही, त्यामुळे विक्रीसाठी दोन्ही देशांची कागदपत्रं लागतात. ती हाती येण्याआधी पार्सल पाठवलं तर सीमाशुल्क विभाग वाद्य जप्त करू शकतो. पाठवताना तारा दोन-तीन स्वर खाली आणा, हेडस्टॉकखाली आणि नेकखाली कापडाच्या घड्या घाला म्हणजे केस पडली तरी नेक हवेत लोंबकळणार नाही, आणि सुट्या झाकणांचं पाकीट बॉडीला घासणार नाही अशा कप्प्यात बंद करा.